पोटाला उन्हाळ्याची सुट्टी कुणी दिली?

पालकहो, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या तायांनो, शिक्षकहो आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनो,

कायद्याने मुलांना दुपारचं जेवण दिलं आणि त्याच वाक्यात ते काढूनही घेतलं. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं पाचवं कलम उघडून बघा. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना रोज एक वेळचं जेवण मोफत, असं तिथे लिहिलं आहे. आणि लगेच अपवाद: शाळेच्या सुट्ट्या सोडून. या अपवादाच्या आधाराने जवळपास दरवर्षी २ मेपासून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर जूनचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत, शाळेतली चूल बंद राहते. आम्हाला हा अपवाद मान्य नाही. जेवण मुलाच्या हक्काचं आहे, ते शाळेच्या वेळापत्रकाला बांधता येणार नाही.

मे महिन्यात ताटात काय पडतं?

सुट्टी म्हटली की मामाचा गाव, आमरस नि कुरडया आठवणाऱ्यांनी एकदा शेतमजुरांच्या वस्तीवर यावं. उन्हाच्या आत काम उरकायचं म्हणून आई दिवस उगवायच्या आत टेम्पोत बसते. जाताना भाकऱ्या आणि ठेचा झाकून ठेवते. नऊ-दहा वर्षांची थोरली धाकट्यांना सांभाळते. भाकरी दहा वाजेपर्यंत संपते. मग कोरा चहा, आणि धाकटं फारच रडायला लागलं तर दुकानातून पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा. हीच पोरं एप्रिलपर्यंत शाळेत डाळीची खिचडी, मटकीची उसळ आणि भात खात होती.

तो पाच रुपयांचा पुडा लक्षात ठेवा. पहिली ते पाचवीच्या एका मुलाच्या जेवणातली डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५पासून ठरलेला दर आहे ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा येतो. म्हणजे वेफर्स आणि ४५० उष्मांकांचं, १२ ग्रॅम प्रथिनांचं गरम जेवण यांत, तांदूळ सोडला तर, सरकारी हिशेबाने दोन रुपयांचाही फरक नाही.

आश्रमशाळांची तऱ्हा आणखी कठीण. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. तिथे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण मिळतं. मे महिन्यात ही मुलं पालघर, नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतल्या आपापल्या पाड्यांवर परततात. कुणाचे आईबाप पाऊस पडेपर्यंत वीटभट्टीवर, तर कुणाच्या घरातलं धान्य तळाला गेलेलं. इथे एक जेवण नाही, दिवसभराचं खाणंच सरकारच्या हिशेबातून निघून जातं.

आणि हा भेद बघा. अंगणवाडीतल्या पाच वर्षांच्या भावासाठी वर्षाला ३०० दिवसांचा आहार ठरलेला. त्याची सात वर्षांची बहीण दुसरीत गेली, म्हणून मे महिन्यात तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली होती. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. दाखला हातात पडला म्हणून त्यांचं वजन भरून निघत नाही.

दुष्काळ पडला तरच जेवायचं का?

सुट्टीत शाळेत जेवण शिजवता येत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला तीन तारखा दाखवा.

२० एप्रिल २००४: अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला.

१३ मे २०१६: ‘स्वराज अभियान’ या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाला तेच पुन्हा बजावावं लागलं.

एप्रिल २०२०: करोनाच्या टाळेबंदीत केंद्र सरकारने स्वतःच जाहीर केलं, की या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना पोषण आहार मिळेल. त्यासाठी सुमारे १,६०० कोटी रुपयांचा जादा खर्चही दाखवला.

तेव्हा प्रश्न जमण्याचा नाही, मनात असण्याचा आहे. आणि दुष्काळाची अट घातली की काय होतं तेही बघा: ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. रस्त्याच्या अलीकडचा तालुका यादीत, पलीकडचा बाहेर. पाऊस मोजला, जमिनीतला ओलावा मोजला, पिकाची पाहणी केली. पोरांच्या पोटाची पाहणी कोण करणार? भूमिहीन मजुराच्या घरी चांगल्या पावसाच्या वर्षीही मे महिना रिकामाच असतो, कारण शेतातलं बरंचसं काम संपलेलं असतं आणि पेरणी लांब असते.

नेहमीचे आक्षेप

“रेशन मिळतं ना?” मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे दिवसाला १७० ग्रॅमही नाही. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही.

“शिक्षकांनी सुट्टीतही खिचडीच मोजायची का?” मुळीच नाही. शिक्षकांवर आधीच नको तेवढी कामं लादली आहेत. स्वयंपाक तायाच करतात. नोंद आणि देखरेख शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीने करावी. या तायांना केंद्राच्या योजनेत वर्षाचे दहाच महिने मानधन मिळतं. चूल चालू राहिली तर त्यांचेही उरलेले दोन महिने भरतील.

“सुट्टीत मुलं येतच नाहीत.” शाळेला कुलूप, दवंडी नाही, निरोप नाही, आणि मग अहवालात ‘प्रतिसाद अल्प’! मुलं जिथे असतात तिथे जेवण न्या: अंगणवाडीत, समाजमंदिरात, वीटभट्टीवर.

“पैसा कुठून आणायचा?” पाटी घ्या आणि हिशेब करा. २ मे ते १५ जून या काळात रविवार वगळून साधारण ३८ दिवस. ६.७८ गुणिले ३८, म्हणजे प्राथमिकच्या एका मुलामागे २५८ रुपये आणि पावणेचार किलोच्या वर थोडा तांदूळ. एक लाख मुलांमागे दोन कोटी ५८ लाख. त्यात तायांचं मानधन आणि वाहतूक धरा. तरीही राज्याच्या तिजोरीला हा खर्च जड नाही. लोकवर्गणीचा सल्ला मात्र देऊ नका. जानेवारी २०२५मध्ये शाळेच्या जेवणातल्या अंड्यांसाठीचा निधी बंद करून राज्याने तोच सल्ला दिला होता. हक्काचं जेवण वर्गणीवर चालत नाही.

आमच्या मागण्या

१. अन्न सुरक्षा कायद्यातला सुट्ट्यांचा अपवाद केंद्राने काढून टाकावा. तोवर राज्याने स्वतःच्या निधीतून, दुष्काळाची अट न घालता, उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवण द्यावं.

२. जे मूल पंगतीला बसेल त्याला वाढावं. ते कुठल्या शाळेचं, कुठल्या गावचं, आधार आहे का, हे विचारू नये.

३. दूरच्या पाड्यांसाठी आणि आश्रमशाळेतून घरी जाणाऱ्या मुलांसाठी सुट्टी लागण्याआधीच तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे आणि गूळ यांचा शिधा हातात द्यावा.

४. स्वयंपाकी तायांना बारा महिन्यांचं मानधन द्यावं.

तुम्ही काय करायचं?

१ मे रोजी शाळेत निकाल लागतो आणि गावात ग्रामसभा भरते. निकालपत्रक घेऊन सरळ ग्रामसभेत या आणि हा ठराव मांडा:

“या गावातील १४ वर्षांखालील सर्व मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारचे गरम जेवण मिळावे, यासाठी शासनाने शालेय पोषण आहार सुट्टीत चालू ठेवावा, अशी ही ग्रामसभा मागणी करते. शासनाचा निर्णय होईपर्यंत ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठीच्या १० टक्के निधीतून डाळ, तेल व भाजीची तरतूद करावी.”

सूचक आणि अनुमोदक म्हणून आयांची नावं घाला. ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. सही-शिक्क्याची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, दुसरी प्रत आमदारांच्या हातात ठेवा. शहरात राहत असाल तर हीच मागणी नगरसेवकाकडे आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी करा. जो पुढारी मत मागायला येईल त्याला विचारा: मे महिन्यात आमची पोरं दुपारी कुठे जेवणार? उत्तर लेखी मागा.

— सुट्टीतल्या जेवणासाठी एकत्र आलेले पालक, शिक्षक आणि स्वयंपाकी ताया

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्या.)