तारेवर नको, पाइपावर खर्च करा
साप्ताहिक सदर : घरचा आवाज

होम थिएटर घेताना लोक ॲम्पवरून महिनाभर वाद घालतात, स्पीकर चार दुकानांत ऐकतात, आणि तारांचा विचार करतात तो सामान घरात येऊन पडल्यावर. मग सराउंडच्या तारा सतरंजीखालून जातात, दाराच्या चौकटीवर ठोकल्या जातात, झाडू मारताना रोज उखडतात. यावर दुकानदाराचं औषध म्हणजे बिनतारी स्पीकर. पण त्यांतल्या बहुतेकांना वीज लागतेच. दोन पदरांची एक बारीक तार वाचवण्यासाठी सोफ्यामागे 230 व्होल्टचा प्लग आणि ॲडॅप्टर आणून ठेवायचा, हा व्यवहार मला पटलेला नाही.

डोक्यावर जागा असेल तर तार वरूनच न्यावी, आणि पैसे तारेवर नव्हे, तिच्या वाटेवर घालावेत. कौलारू घरात ही वाट म्हणजे माळा. फ्लॅटमध्ये स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधली वीतभर पोकळी. बाथरूमवरचा पोटमाळाही कधीकधी वाटेत कामी येतो.

तारेचं आधी उरकून टाकू. दहा मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची, बारीक पदरांची तांब्याची तार पुरते. जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध होतो पाव ओहमच्या जरा वर. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो साडेतीन टक्केही नाही. पाच टक्क्यांच्या आत राहिलं की झालं, असा साधा हिशोब आहे. स्पीकर चार ओहमचा असेल किंवा अंतर जास्त असेल तर अडीच चौरस मिलिमीटर घ्या. ‘ऑक्सिजनमुक्त तांबं’ असं छापलेल्या खोक्याला ज्याला तिप्पट पैसे मोजायचे असतील त्याने खुशाल मोजावेत. खरी फसगत स्वस्ताच्या टोकाला असते. तिथे तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, जे तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेतं आणि वाकवता वाकवता तुटतं. दुकानातच एक पदर ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं निघालं तर तार परत करा.

आणि अंतर मोजण्याआधी जागा ठरवा. 5.1 मधले सराउंड स्पीकर पाठीमागच्या कोपऱ्यांत टांगायचे नसतात. आयटीयूच्या शिफारशीप्रमाणे ते समोरच्या मध्यरेषेपासून 100 ते 120 अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे हवेत. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला असतो, त्यामुळे ते बाजूच्या भिंतींवरच लावावे लागतात. आवाजही बरा येतो आणि तारही कमी लागते.

आता वाट. वायरमनला सांगून 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकून घ्या. हा पाइप सहसा तीन मीटरच्या लांबीत येतो आणि साऱ्या खर्चात सगळ्यात कमी दुखतो. दोन बॉक्समध्ये दोनाहून जास्त बेंड नकोत, नाहीतर ओढताना तार अडते. मोकळी तार सीलिंगच्या बोर्डावर नुसती टाकून देणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि ती वाईट आहे. वर जोड मारून सीलिंग बंद करणं तर त्याहून वाईट.

माळ्यावर पाइप लागतो तो मुख्यतः उंदरांसाठी. तुळईवरून उघडी नेलेली तार ते सोडत नाहीत. शिवाय पावसाळा आहे. कौल सरकलं की थेंब नेमका बॉक्सवर पडतो, म्हणून पाइप माळ्याच्या फळ्यांवर न ठेवता तुळईच्या कुशीला सॅडलने बसवावा, बॉक्सचं तोंड बाजूला असावं आणि पाइप त्यात खालून शिरावा. माळ्यावर चढलात तर पाय तुळईवरच ठेवा. जुन्या फळ्यांवर भरवसा टाकू नका.

एका गोष्टीवर मात्र वायरमनशी भांडायची तयारी ठेवा. तो म्हणेल, दिव्याचा पाइप आहेच, त्यातूनच ओढतो. नाही म्हणा. लोकांना वाटतं घरघर ऐकू येईल म्हणून हे टाळायचं. स्पीकरच्या तारेला ती भीती फारशी नसते. ती असते सबवूफरच्या सिग्नलच्या तारेला. तिला विजेपासून लांबच ठेवा. स्पीकरच्या तारेचं कारण वेगळं आहे. ओढताना दोन्हींची इन्सुलेशन सोलली, तर 230 व्होल्ट थेट ॲम्पच्या पाठीत आणि स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येतील. वेगळा पाइप हीच तिथली सुरक्षा.

तार ओढताना तिच्याबरोबर नायलॉनची एक दोरी आत सोडून ठेवा. उद्या छतातले स्पीकर लावायची हौस आली, तर पुन्हा जीआय वायर घालून चाचपडावं लागणार नाही. भिंतीवर महागडी स्पीकर-प्लेट नसली तरी अडत नाही. साध्या ब्लँक प्लेटला भोक पाडून त्यात रबरी बुश बसवला की काम भागतं.

सीलिंग बंद व्हायच्या आत एक चाचणी उरकून घ्या. ॲम्पकडची टोकं मोकळी ठेवून त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलच्या धन टोकाचा पदर स्पीकरच्या लाल टर्मिनलवर गेला असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर पदर उलटे जोडलेत. तसेच राहिले तर खर्ज पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. सेल दहा-वीस रुपयांचा. पीओपीवाला उद्या सकाळी येणार असेल, तर हे आज रात्रीच करा.

— कानसेन