दोन टन कागदावर, जमिनीवर किती?

सोलापूर हायवेने येता-जाता भिगवणचा कागद कारखाना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. सिनार मास या इंडोनेशियन समूहाने तो उभारला आणि २००१ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतला. त्यामुळे आसपासची मंडळी त्याला 'बिल्ट' म्हणूनच ओळखतात. आपलं लक्ष मात्र उजनीच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांकडे! कागदाचं एकेक रीळ टनाच्या वर भरतं, ते उचलतं कोण, हा प्रश्न यंत्र शाखेच्या पोरांनाही पडत नाही. मलाही पडला नव्हता.

सुट्टीत ट्रेनिंगला एका गोडाऊनमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे नवीकोरी तीन चाकी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट आली होती. प्लेटवर क्षमता दोन टन, रीळ १४०० किलोचं. म्हणजे सहाशे किलोची चंगळ! पण पहिलंच रीळ घेऊन पुढे जाताना जरा ब्रेक लागला आणि मागचं चाक जमिनीवरून सुटलं. चालवणाऱ्या मामांनी शांतपणे रीळ खाली टेकवलं. साहेब म्हणाले, "दोन टन लिहिलंय ना?" मामा म्हणाले, "साहेब, कागदावर दोन टन हाय, जमिनीवर नाही."

रात्री होस्टेलवर वही काढली. फोर्कलिफ्ट म्हणजे सी-सॉ. टेकू पुढच्या चाकांवर. प्लेटवरचे दोन टन हे वजनाचा मध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून ५०० मिमीवर असताना. पुढच्या आसापासून फोर्क साधारण ४०० मिमी धरा. मोमेंट झाला २००० गुणिले ९००. आता १.३ मीटर व्यासाचं रीळ आणि ते धरणारा क्लॅम्प, मिळून मध्य गेला ८०० मिमीच्या आसपास, म्हणजे आसापासून १२००. क्षमता उरली १५०० किलो. क्लॅम्पचं स्वतःचं वजन पाचेकशे किलो, तेही पुढेच लटकलेलं. तो मोमेंट वजा केला की हातात राहतात जेमतेम १२५० किलो. मास्ट वर नेला की आणखी कमी. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स, बाकी काही नाही!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मशीन निवडायच्या आधी गोडाऊन मोजा. कॅटलॉग नंतर.

गल्ली किती रुंद? चार चाकी काउंटरबॅलन्सला साडेतीन ते चार मीटर लागतात. तीन चाकी कमी जागेत वळते, पण उतारावर, खड्ड्यात आडवी व्हायची भीती जास्त. तिला घोटीव फरशीच हवी. पावसाळ्यात चिखलाच्या यार्डात ट्रक भरायचा असेल तर चार चाकीच घ्या. उंच रॅक आणि तीनेक मीटरची गल्ली असेल तर रीच ट्रक. तो आतल्या सपाट फरशीवरचाच प्राणी, यार्डात काढू नका. आणि माल नुसता इकडून तिकडे न्यायचा असेल तर फोर्कलिफ्ट कशाला? बॅटरीवरचा पॅलेट ट्रक पुरतो. कमी उंचीवर, कमी फेऱ्यांत रचायचं असेल तर स्टॅकर.

मग डिझेलच का नको? बारामतीत चॉकलेटचा कारखाना आहे, डेअरी आहे. खाण्याच्या मालाशेजारी, बंद जागेत धूर चालेल का? आणि तो धूर दिवसभर ड्रायव्हरच्याच छातीत जातो, हेही विसरू नका.

आता बॅटरी. लेड-ॲसिडचं गणित सोपं, साधारण ८ तास काम, ८ तास चार्जिंग, ८ तास थंड होणं. एका शिफ्टला झकास. तीन शिफ्ट असतील तर जादा बॅटऱ्या आणि त्या बदलायची सोय पाहिजे. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी, विडी-काडी बंद. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं. लिथियम महाग, पण आपण होस्टेलवर मोबाईल मिळेल तेव्हा प्लगला लावतो, तशी ती जेवणाच्या सुट्टीतही लावता येते. एक मेख आहे. लेड-ॲसिडचं वजन हा मशीनच्या काउंटरवेटचाच भाग असतो. जुन्या मशीनमध्ये हलकी लिथियम नुसती बसवली, तर मागचं वजन घटतं आणि पुन्हा चाक उचललं जातं. तेवढं वजन भरून काढावंच लागतं.

काही मित्र म्हणतील, हे सगळं विकणारा इंजिनिअर सांगतोच की. सांगतो, पण आपण विचारलं तर! रिळाचा व्यास, क्लॅम्पचं वजन, रॅकची उंची, यार्डाचा उतार हे आपणच सांगायचं, आणि 'क्लॅम्पसकट, या उंचीला किती?' हे लेखी घ्यायचं. त्या गोडाऊनमध्ये हा प्रश्न खरेदीआधी कोणी विचारला नव्हता. मामांना तर नाहीच नाही.

त्यांनीच मला शेवटच्या दिवशी सांगितलं, "गाडी कलंडली तर उडी मारू नगंस. पट्टा लावलेला असू दे, स्टिअरिंग घट्ट धर, पडती त्याच्या उलट्या बाजूला वाक." उडी मारणारा बहुतेक गाडीखालीच सापडतो. पण मामांना ती वेळच का यावी? उद्या आपल्यातलेच कोणीतरी खरेदीच्या कागदावर सही करणार आहेत. सीटवर दुसराच कोणीतरी बसलेला असेल. सही करण्याआधी एकदा त्याला विचारा.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी