न उघडलेली बाटली

प्रत्येक घरात दोन देव्हारे असतात, असे माझे फार दिवसांचे मत आहे. पहिला सर्वांना ठाऊक असतो. त्यात देव असतात. दुसरा देव्हारा घरधन्याचा. त्यात कोणाकडे चांदीची भांडी असतात, कोणाकडे पदके, तर कोणाकडे परदेशातून आणलेल्या आणि ओठांना कधीही न लागलेल्या कपबश्या. पहिल्या देव्हाऱ्यातल्या देवांना निदान रोज अंघोळ तरी मिळते. दुसऱ्यातल्या देवांना हात लावायची सोय नसते.

हे मत आणखी पक्के झाले ते पुण्यात. उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने चार दिवस गेलो होतो आणि भाच्याकडे उतरलो होतो. भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. पगार किती, हे मी त्याला विचारत नाही. आकडा ऐकून मला माझ्या एम. ए.ची कीव येते. पहिल्याच रात्री तहान लागली म्हणून उठलो, अंधारात चाचपडत फ्रिज उघडला, आणि पाहतो तो काय! आत ना पाण्याची बाटली, ना दुधाचे पातेले, ना कालची आमटी. नुसत्या बाटल्याच बाटल्या, आणि त्याही शाळेतल्या मुलांसारख्या उंचीनुसार उभ्या केलेल्या.

"मामा, तो नाही! पाण्याचा फ्रिज पलीकडे आहे," भाचा धावत आला. "हा माझ्या संग्रहाचा आहे."

संग्रह कशाचा, तर बिअरचा. आता बिअरच्या बाबतीत मी निरक्षर. आमच्या शेजारी, साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. पण बिअर ही बिअर असते, यापलीकडे माझे ज्ञान गेले नव्हते. भाच्याने त्या रात्री माझा वर्गच घेतला. कारखान्यातली बिअर वेगळी आणि लहान भट्टीत हौसेने, थोडी थोडी केलेली बिअर वेगळी. पुण्यात २००९ साली 'डूलाली' नावाची अशी भट्टी निघाली; महाराष्ट्रातली ती पहिली. मग हे लोण पसरले. तेथवर ठीक. चांगला सुतार आणि चांगला आचारी यांच्याप्रमाणे चांगला बिअरवालाही असू शकतो, हे मला मान्य आहे.

पण भाच्याच्या फ्रिजमधल्या बाटल्या पिण्याच्या नव्हत्या. एक बेल्जममधून मित्राने आणलेली, एक अमेरिकेतून कपड्यांच्या घडीत लपेटून आलेली, तर एकीवर तिचा अनुक्रमांक लिहिलेला. त्यातल्या एका बाटलीचे त्याने साडेसात हजार रुपये मोजले होते.

"केव्हा उघडणार?" मी विचारले.

"उघडायची नसते, मामा. उघडली की संपली ना!"

"अरे, पण संपण्यासाठीच ती केली असेल ना?"

या प्रश्नावर तो हसला. प्रश्न चुकीचा आहे हे ठाऊक असलेली माणसे हसतात तसा.

जालन्याला परतल्यावर मी ही हकीकत आमच्या मोंढ्यातल्या एका आडत्याला सांगितली. 'जालना सोने का पालना' अशी आमच्या गावाची जुनी ख्याती आहे आणि या पाळण्याची दोरी मोंढ्याच्या हातात असते. आडत्याने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि म्हणाला, "सर, ज्या मालाला शेवटी खाणारं गिऱ्हाईक नसतं, तो माल नसतो. तो सट्टा असतो."

अर्थशास्त्राची मोठी पुस्तके ज्यासाठी प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात, ते या गृहस्थाने एका सुपारीत सांगितले. तुरीचा भाव चढतो तेव्हा कोठेतरी वरण शिजत असते. बाटलीचा भाव चढतो तेव्हा कोणी पीत नसते. एक ठेवणारा दुसऱ्या ठेवणाऱ्याकडे पाहत असतो, एवढेच.

बेल्जममधल्या वेस्टव्लेटरन या गावी ख्रिस्ती साधूंचा एक मठ आहे. हे साधू १९व्या शतकापासून बिअर गाळतात. बिअर विकण्यासाठी ते साधू झालेले नाहीत. साधू म्हणून राहता यावे, मठाचा खर्च भागावा, यासाठी ते बिअर करतात. म्हणून ठरावीकच करतात, आणि जास्त मागणी आली तरी जास्त करीत नाहीत. २००५ साली कोणा रसिकांनी त्यांच्या बिअरला जगात पहिला नंबर दिला आणि मठाच्या दाराशी मोटारींची रांग लागली. साधूंनी नियम केला, की आधी फोन करून नाव नोंदवायचे, मोटारीचा नंबर सांगायचा, आणि नेलेली बिअर पुन्हा विकायची नाही. तरीही २०१८ साली हॉलंडमधल्या एका दुकानसाखळीने हजारो बाटल्या मिळवल्या आणि मठात दोन युरोंच्या आत मिळणारी बाटली जवळजवळ दहा युरोंना विकली. बाटली तीच आणि बिअरही तीच. वाढले ते काय? मधली रांग वाढली. दुर्मिळ वस्तूचे पैसे आपण वस्तूसाठी मोजत नाही. आपल्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला ती मिळाली नाही, याचे मोजतो.

ही रांग किती लांबू शकते, ते व्हिस्कीत पाहावे. १९२६ साली गाळलेली, साठ वर्षे लाकडी पिंपात मुरलेली 'मॅकॅलन' व्हिस्कीची एक बाटली २०२३ साली लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. तिचा एक घोट कोणी घेईल, असे तुम्हाला वाटते? मला तर नाही वाटत. घोट घेतला तर लाखो रुपये पोटात गेले, या कल्पनेनेच त्याला उचकी लागायची!

आणि न उघडण्याच्या या व्रताचा फायदा घेणारेही असतातच. अमेरिकेत रूडी कुर्नियावान नावाच्या एका तरुणाने घरच्या स्वयंपाकघरात साध्या वाइनचे मिश्रण केले, त्यावर जुन्या, दुर्मिळ वाइनची लेबले चिकटवली, आणि ते श्रीमंत संग्राहकांना विकले. २०१३ साली तो दोषी ठरला आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मला त्याच्यापेक्षा त्याच्या गिऱ्हाइकांचे नवल वाटते. बाटली उघडायचीच नसेल, तर आत काय आहे, याने काय बिघडते? ती माणसे वाइन घेतच नव्हती. लेबल घेत होती. आणि लेबल त्यांना मिळाले होते.

बिअरची गोष्ट तर याहून केविलवाणी. व्हिस्की बाटलीत वर्षानुवर्षे टिकते. बिअर हे बिचारे नाशवंत पेय. हॉप्स नावाच्या वेलीची जी फुले तिला कडवट सुगंध देतात, त्यांचा वास काही महिन्यांत उडू लागतो. काही काळ्या, कडक जाती मुरून चांगल्या होतात, असे जाणते सांगतात. पण बहुतेक बिअर ही भाजीसारखी असते, ताजी असेपर्यंतच तिची शोभा. भाच्याने बढती मिळाल्याच्या आनंदात अखेर एक बाटली उघडली. तीन वर्षे सांभाळलेली. चार मित्र गोलाकार बसले, पेले धुऊन पुसून ठेवले, छायाचित्रे झाली. नंतर त्याचा फोन आला.

"कशी होती रे?" मी विचारले.

"मामा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली."

मला हसू आले, पण मी ते आवरले. साडेसात हजारांचा पुठ्ठा पचवायला धीर लागतो.

साठवण्यालाच मी नावे ठेवतो आहे, असे मात्र कोणी समजू नये. आम्ही जालन्याची माणसे. साठवणे काय असते, ते आम्हाला पुण्याने शिकवायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या घरात हंडे, घागरी, पिंपे, बादल्या, एवढेच काय, कुकरचे डबेसुद्धा पाण्याने भरलेले असत. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि टँकरच्या आवाजाने गल्ली जागी होत असे. शिळे पाणी ओतून ताजे भरायची बायकांची जन्माची सवय त्या वर्षी मोडली. मोसंबीच्या बागा जळाल्या. ज्या मोसंबीला पुढे २०१६ साली जालन्याच्या नावाचे मानांकन मिळाले, तिची झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने सरपणाला तोडली.

आणि त्याच २०१६ साली पुन्हा दुष्काळ पडला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्य कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि पुढे ६० टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश दिला. एक लिटर बिअर करायला कित्येक लिटर पाणी लागते, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुर्मिळ वस्तूसाठी खरोखरीची रांग लागली होती. पण रांगेतल्या एकाही बाईने आपल्या हंड्यावर अनुक्रमांक घातला नव्हता. आम्हीही साठवीत होतो, पण वापरण्यासाठी.

एवढे लिहून मी लेखणी खाली ठेवली असती, तर हा लेख भाच्याची थट्टा करून सुखरूप संपला असता. पण आमच्या घरातही दुसरा देव्हारा आहे.

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात जुने दिवाळी अंक आहेत. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तो माझ्याकडे नाही. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले काही अंक आहेत. रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेले काही, आणि नंतर याच रद्दीवाल्याला माझी खोड कळल्यावर त्याने शेकड्यांच्या भावाने दिलेले काही. एका अंकासाठी तर मी दिवाळीचा नवा सदरा रद्द केला. तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. घेतल्यापासून तो मी पुरता वाचलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आला. बदनापूरकडचा. दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग गेली, तरी बापाने पोराचे शिक्षण थांबवले नाही. जुन्या दिवाळी अंकांतल्या कथांवर तो प्रबंध लिहीत होता. नेमका तोच अंक त्याला हवा होता. त्यातली एक कथा पुढे कोणत्याच संग्रहात आली नाही, असे तो म्हणाला.

"घरी नेत नाही, सर. इथंच बसून बघतो."

"कागद फार ठिसूळ झालाय रे," मी म्हणालो.

"मग नुसते फोटो काढू का?"

"उजेडानं शाई उडते," मी म्हणालो. वर्गात पंचवीस वर्षे शिकवून माणसाला एवढे तर येतेच, की खोटे बोलताना आवाज संथ ठेवावा.

"बरं, सर," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. बदनापूरची एस. टी. त्याला साडेपाचला होती.

यंदा त्याला पदवी मिळाली. पेढे घेऊन आला आणि प्रबंधाची एक प्रत माझ्या पाया पडून हातात दिली. तो गेल्यावर मी पाने चाळली. एका तळटीपेत लिहिले होते, 'हा अंक पाहावयास मिळू शकला नाही.' माझे नाव नव्हते. ऋणनिर्देशात मात्र पहिले नाव माझे होते.

त्या रात्री मी तो अंक पिशवीतून काढला. पाने ठिसूळ होती, हे खरे. पण उलटत होती. मधल्या एका पानावर तेलकट बोटाचा डाग होता. पंचाऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी चिवडा खाता खाता ते पान उलटले असेल. समासात एका जागी शिसपेन्सिलीने 'छान!' असे लिहिले होते, आणि दुसऱ्या अक्षरात त्याखाली 'मुळीच नाही' असे. कोणाचा नवरा आणि कोणाची बायको, देव जाणे. माझ्या हाती येईपर्यंत तो अंक घरोघर हिंडला होता, माणसांत बसला होता, भांडणे ऐकत होता. त्याला बाटलीत घातला तो मी.

ती कथा मी वाचली. चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.ने अंक घेऊन बदनापूरला गेलो. पोराने हात धुऊन, पुसून अंक घेतला आणि विचारले, "सर, कधीपर्यंत परत द्यायचा?"

"वाचून झाला की दुसऱ्या कोणाला दे," मी म्हणालो. हे म्हणताना माझा आवाज संथ नव्हता.

भाच्याला मी हे कळवले. त्याने उलट निरोप पाठवला, की येत्या दिवाळीत तो उरलेल्या बाटल्या मित्रांना बोलावून संपवणार आहे, पुठ्ठा लागो की अमृत. मला त्याने फराळाला बोलावले आहे. मी जाईन, पण पाणी पिईन.

आणि वाचकहो, तुमच्या हातातल्या या अंकाला चिवड्याचे तेल लागले, तर पुसू नका.