निवृत्तीआधी काय काम करत होतात?

साठी ओलांडलेला पेशंट लघवीतून रक्त जातंय म्हणून येतो. दुखत नाही, ताप नाही. आपण तंबाखूचं विचारतो, तो बिडी ओढतो म्हणतो आणि कारण सापडल्याच्या समाधानात आपली हिस्टरी तिथेच थांबते. व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’.

1895 साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला. त्यांनी संशय घेतला ॲनिलिनवर. खरे दोषी 2-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडिन, हे पुढे सिद्ध झाले. ही ॲरोमॅटिक अमाइन्स श्वासातून जातात, तशी धडधाकट त्वचेतूनही शिरतात. यकृतात त्यांचे रूप बदलते, लघवीबरोबर ती मूत्राशयात साठतात आणि तिथल्या अस्तराच्या डीएनएला चिकटतात. एनएटी-2 हे एन्झाइम ज्यांच्यात मंद चालते, त्यांना धोका अधिक. गाठ दिसायला मात्र वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो.

भारतात बेन्झिडिनवर आधारित रंगांवर 1990च्या दशकात बंदी आली, म्हणून विषय संपला असे मानणारे आपल्यात आहेत. जरा हिशेब करा. बंदीच्या सुमारास पंचविशीत असलेला कामगार आज साठीला आला आहे. अंबरनाथ, डोंबिवली, तारापूरच्या रासायनिक पट्ट्यात राबून तो गावी परतला असेल. ज्या डॉक्टरकडे जातो, त्याच्या पंचक्रोशीत एकही धुराडे नसेल. तेव्हा हा प्रश्न फक्त एमआयडीसीजवळ दवाखाना असणाऱ्यांचा नाही.

बिडी निर्दोष आहे असे कोणी म्हणत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपानच, आणि तंबाखूच्या धुरात तेच 2-नॅफ्थिलअमाइन असते. पण एक कारण मिळाले म्हणून दुसरे नाहीसे होत नाही. उदाहरणार्थ, ॲस्बेस्टॉस हाताळणारा धूम्रपानही करत असेल, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, जवळजवळ गुणाकाराने वाढतो.

दुसऱ्या टोकाला ‘सगळ्यानेच कर्करोग होतो’ ही व्हॉट्सॲपवरची भीती आहे. लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत, ॲस्बेस्टॉस आहे, प्रक्रिया केलेले मांसही आहे आणि 2023पासून पीएफओए हे रसायनसुद्धा. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे आकारमान नव्हे. ते ठरते मात्रेवर आणि संपर्काच्या काळावर. प्लास्टिकच्या बाटलीने धास्तावलेल्या पेशंटला हे समजावून सांगायला आपल्याला वेळ काढावाच लागेल.

कारखाने अधिनियम, 1948च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक कर्करोग होता आणि कलम 89ने तो कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली होती, कामगाराने नोकरी सोडलेली असली तरीही. या अधिनियमाची जागा घेणाऱ्या 2020च्या संहितेनेही अधिसूचित आजार कळवण्याचे हे कर्तव्य कायम ठेवले. आपल्यापैकी किती जणांनी असा एक तरी अहवाल पाठवला आहे?

वाचकांना विनंती एवढीच: पहिल्या नोकरीपासून विचारा, हाताने काय हाताळले ते विचारा, किती वर्षे तेही लिहा. आणि वेदनेविना लघवीतून रक्त जात असेल, तर अँटिबायोटिकचा कोर्स देऊन वाट पाहू नका; सिस्टोस्कोपीसाठी पाठवा.