घाट बंद होतो तेव्हा

सप्टेंबर 2021. पावसात नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळली आणि धडगावकडचा रस्ता बंद झाला. घाटातल्याच एका गावात एक बाई आजारी होती. गाडी पुढे जाईना, तेव्हा नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि तो दवाखान्याच्या दिशेने चालू लागला. ती वाटेतच गेली. तिच्या अंगावर एक दगडही पडला नव्हता. तरी मी तो मृत्यू दरडीच्याच खात्यात मांडतो, आणि सरकारनेही तसाच मांडावा.

दरड कुठे आणि कशाने सुटते, हे जगभर अभ्यासलं जातंय. थंड प्रदेशात सध्या चिंता आहे ती गोठलेल्या जमिनीची. आपल्याकडे सातपुड्यातल्या डाब गावच्या लोकांनाही गारठा नवा नाही. ऐन हिवाळ्यात तिथे पहाटे दव गोठतं, गवतावर पांढरा थर धरतो आणि ऊन आलं की जातो. आल्प्समध्ये, हिमालयात उंचावर मात्र खडकाच्या भेगांतलं पाणी वर्षानुवर्षं गोठलेलंच असतं, आणि सुट्या खडकांना तेच धरून ठेवतं. हवा तापत गेली की ही पकड ढिली होते आणि कडाच्या कडा खाली येतो.

28 मे 2025 रोजी स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन हे गाव असंच गेलं. वरच्या शिखराचे खडक हिमनदीवर कोसळत राहिले आणि शेवटी हिमनदीसकट सगळा ढिगारा गावावर आला. जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं, पण जीव गेला एकाच माणसाचा. डोंगरावर नजर ठेवणाऱ्यांनी हालचाल वेळेत ओळखली होती. नऊ दिवस आधीच सुमारे 300 माणसं आणि त्यांची गुरं तिथून हलवली होती.

आपल्या उत्तराखंडातल्या चमोलीत 7 फेब्रुवारी 2021 ला रोंटी शिखराचा सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला. ऋषिगंगा आणि तपोवनच्या वीज प्रकल्पांवरच्या कामगारांना सावध करणारी यंत्रणाच नव्हती. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. आणि माळीण? 30 जुलै 2014 ला ते अख्खं गाव डोंगराखाली गेलं, ही खबर बाहेर आणली एसटीच्या चालकाने. नेहमीचं गाव जागेवर दिसेना, म्हणून!

सातपुड्यात बर्फ नाही, काळा बेसाल्ट आहे. तो जागोजागी भेगाळलेला, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून आत उतरतं, माती भिजून तिचा आधार सुटतो. त्यात रस्त्यासाठी उताराचा पाया कापलेला, वरचं जंगल विरळ झालेलं. मग मोलगीकडचा देवगोई घाट असो की तोरणमाळचा, जोराचा पाऊस झाला की दरड येते. जेसीबी येतो, दगड बाजूला होतात, रस्ता ‘सुरळीत’ झाल्याची बातमी येते. डोंगर मात्र तसाच सैल राहतो.

माझा आक्षेप इथे आहे. आपली सगळी तयारी दरड पडल्यानंतरची आहे. कोणत्या वळणावर दगड येतो, हे तिथल्या पाड्यांवरच्या माणसांना आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मजुरांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारून वळणांची यादी करायला किती खर्च येणार? घाटमाथ्यावर पर्जन्यमापक हवा, आणि पाऊस ठरावीक आकड्याच्या वर गेला की वाहतूक थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला हवा. वरच्या भेगा आणि कापलेले उतार भूवैज्ञानिकाने पावसाळ्याआधी पाहायला हवेत.

आणि सर्वांत आधी दवाखाना. गरोदर बाईला दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्रात आणून ठेवायचं, यासाठी आदिवासी भागात माहेरघर योजना आहे. रस्ता ऐनवेळी दगा देईल, हे त्या योजनेने गृहीत धरलंय. तोच विचार तापाने फणफणलेल्या माणसासाठी आणि साप चावलेल्या पोरासाठीही व्हावा. मुसळधार पावसाचा इशारा आला की घाटाच्या दोन्ही बाजूंना रुग्णवाहिका उभी राहावी आणि वरच्या बाजूला डॉक्टर मुक्कामी असावा. चांदसैली, देवगोई आणि तोरणमाळ या तीन घाटांपुरती तरी ही व्यवस्था पुढच्या जूनआधी जिल्हा प्रशासनाने लेखी जाहीर करावी. कोणत्या गावासाठी कोण जबाबदार, हे त्यात नावानिशी असावं आणि तो कागद प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा.