किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, पण आरोंदा-सावंतवाडीकडचा इतिहास बघायचा कुठे?

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. त्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोटवरचा शिवरायांचा पुतळा कोसळला होता आणि मे २०२५ मध्ये तिथंच नवा उभा राहिला. म्हणजे वर्षभर या जिल्ह्याचा इतिहास आपल्या सगळ्यांच्या फीडवर होता.

पण तो इतिहास किल्ल्यांचा आणि पुतळ्याचा. गावातली माणसं काय करायची, काय खेळायची, देवळात रात्री काय बघायची, हे बघायचं असेल तर?

सुरुवात जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून करू. सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा तेरेखोल नदीच्या काठावर आहे. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. १९६१ पर्यंत ही नदी ओलांडली की पोर्तुगीज राज्य लागायचं. नदी समुद्राला मिळते तिथं तेरेखोलचा किल्ला आहे. गंमत म्हणजे तो नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावर असूनही गोव्यात मोडतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी आत शिरून तिथं तिरंगा फडकवला. पुढे तिथं हेरिटेज हॉटेल झालं. वास्तू टिकली हे चांगलंच झालं, पण गुगलवर 'तेरेखोल' टाकलं की आधी खोल्यांचे फोटो दिसतात, सत्याग्रही नाही.

आरोंद्याहून वर सावंतवाडीला आलात की राजवाडा लागतो. तिथं गंजिफा बघायला मिळतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात, प्रत्येक अवताराचे बारा. छापील पत्ते आल्यावर ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशिलादेवी भोसले यांनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुढे शिकवली. म्हणून आज राजवाड्यात पत्ता नुसता काचेआड दिसत नाही, तो रंगवणारा कलाकारही समोर बसलेला दिसतो.

खरी गोष्ट मात्र त्याच्या पुढे, कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत आहे. तिथल्या गुढीपूरमध्ये ठाकर आदिवासी समाजाचे लोक राहतात. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ही त्यांची पिढीजात कला. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. राजाश्रय गेला, मग टीव्ही आला, आणि खेळ बघायला माणसं उरेनात. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये काय केलं, तर घरच्या गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलं. ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बऱ्याच जणांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

इथं एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. चित्रकथीतली चित्रं भिंतीवर लावायची नसतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र समोर उभं करतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं गातो. कथा संपली की चित्रं पुन्हा गठ्ठ्यात. म्हणजे चित्र हा अर्धाच ऐवज आहे, उरलेला अर्धा सांगणाऱ्याच्या तोंडी आहे.

चित्र गाव सोडून गेलं की काय होतं ते बघा. याच शैलीची जुनी चित्रं मोठ्या संग्रहालयांत आणि पुस्तकांत बऱ्याचदा 'पैठण चित्रं' म्हणून ओळखली जातात, कारण संग्राहकांना ती पैठणच्या बाजूला मिळाली. काचेखालच्या पट्टीवर शैलीचं नाव येतं. ते चित्र कुठल्या घरातलं, ते दाखवताना काय गायचे, हे त्या पट्टीवर कसं मावणार?

जगभरातल्या संग्रहालयांची संघटना आयकॉम हिने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला म्युझियमची व्याख्या बदलली. त्यात अमूर्त वारसा आणि समाजाचा सहभाग हे शब्द आहेत. पिंगुळीच्या गोठ्यात हे १६ वर्षं आधीच सुरू झालं होतं, फक्त त्याला कुणी व्याख्या म्हटलं नव्हतं.

अडचण उघड आहे. असं म्युझियम एका कुटुंबाच्या खांद्यावर चालतं. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा कागदाला आणि चामड्याला सोडत नाही. किल्ल्यांना युनेस्कोचा शिक्का मिळाल्यावर संवर्धनाचे आराखडे होतील, निधीची चर्चा होईल, आणि ती व्हायलाच हवी. पण माझ्या मते त्यातला छोटा वाटा जुन्या पोथ्यांची स्कॅन काढायला आणि त्या गाता येणाऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग करायला लागला पाहिजे. तटबंदी आणखी पन्नास वर्षं थांबेल, गाणारा म्हातारा थांबणार नाही.

मालवणला जाणार असाल तर पिंगुळीची वाट वाकडी करायला फार वेळ लागत नाही. फक्त जायच्या आधी एक विचारून घ्या: कथा सांगणारं कुणी घरी आहे का?