फोटोला हार घालण्याआधी फायली काढा



येत्या ८ मार्चच्या मेळाव्यात कोणाचे फोटो लावायचे, यावर मागच्या बैठकीत बोलणं झालं. सावित्रीबाई तर आहेतच. शिबिरात ज्या आफ्रिकेतल्या बाईची गोष्ट सांगितली होती तिचाही लावा, असं पोरींनी सुचवलं. तेव्हा एका म्हाताऱ्या साथीने विचारलं, "ती आपली कोण?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

बाईंचं नाव फुनमिलायो रॅन्सम-कुटी. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात अबेओकुटा नावाचं शहर आहे, तिथल्या त्या. जन्म १९०० चा. तेव्हा तिथेही इंग्रजांचंच राज्य होतं. पण इंग्रज स्वतः वसुलीला येत नसत. तिथल्या राजाला, म्हणजे अलाकेला, पुढे करून त्याच्या हातून कारभार चालवत. आपल्याकडे पाटील-खोत आणि जंगलखातं पुढे करून जे झालं, त्याचाच हा भाऊ समजा.

बाई शिकलेल्या, इंग्लंडला जाऊन आलेल्या, नवरा हेडमास्तर. सुरुवातीला त्यांनी शहरातल्या शिकलेल्या बायांचं एक मंडळ काढलं. शिवण-टिपण, स्वयंपाक, सभ्य वागणं असलं त्यात चालायचं. पुढे बाजारात बसणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाया तिथे वाचायला शिकू लागल्या, आणि त्यांच्या तोंडून खरं काय ते बाहेर आलं. महायुद्धाचा काळ होता. पोलीस आणि अधिकारी बाजारातल्या बायांचा तांदूळ उचलून न्यायचे. त्यात कराचा जाच. १९१८ पासून अबेओकुटात बाईवर नवऱ्याहून वेगळा कर होता. पोरगी कर भरण्याच्या वयाची झाली की नाही हे बघायला वसुलीवाले तिचे कपडे उतरवायला लावत. आणि हा सगळा पैसा जायचा कुठे, ते ठरवणाऱ्या सभेत एकही बाई नव्हती.

मग त्या मंडळाचीच १९४६ साली बायांची युनियन झाली. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. शिकलेल्या बाईने गरिबांना शहाणं केलं, अशी ही कथा नाही. बाजारातल्या बायांनी शिकलेल्या बाईला कामाला लावलं. बाईंनी इंग्रजी पोशाख सोडला, साध्या बायांसारखं योरुबा लुगडं नेसायला लागल्या आणि सभेत योरुबातच बोलायच्या. साहेबाला समजत नसेल तर त्याने दुभाषा आणावा! (तहसीलदारापुढे आपली बोली सोडून अडखळत 'शुद्ध' बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे दोनदा वाचावं.)

१९४७ च्या नोव्हेंबरात दहा हजारांवर बाया राजवाड्यासमोर रात्रभर ठिय्या देऊन बसल्या. मोर्चाला परवानगी नाकारली, तर "आम्ही सहलीला निघालोय" म्हणून निघाल्या. अश्रुधुराचं नळकांडं पडलं तर काय करायचं, याची तालीम आधीच करून ठेवलेली. मागण्याही नुसत्या "कर रद्द करा" एवढ्याच नव्हत्या. परदेशी कंपन्यांवर कर बसवा, कारभारात बायांना जागा द्या, हेही त्यात होतं. लढा चालत राहिला आणि १९४९ च्या जानेवारीत अलाकेने गादी सोडली. बायांवरचा वेगळा कर थांबला, नव्या कारभारात बायांना जागा मिळाल्या.

पुढचंही सांगायला हवं. १९५० संपता संपता तोच अलाके परत आला. आपल्याकडेही बदली झालेला अधिकारी फिरून त्याच टेबलावर येतो, हे आपण बघितलंय. बाई मात्र घरी बसल्या नाहीत. १९७७ मध्ये लष्कराने त्यांच्या मुलाच्या घरावर हल्ला केला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या म्हातारीला सैनिकांनी खिडकीतून खाली फेकलं. त्यातून त्या सावरल्या नाहीत, १९७८ ला गेल्या. अंत्ययात्रेच्या दिवशी अबेओकुटातल्या बाजारातल्या बायांनी दुकानं बंद ठेवली.

आता आपलं बघू. मोर्चात आपल्या बाया पुढे असतात. पोलीस बाईवर हात टाकायला जरा कचरतो म्हणून आपणच त्यांना पुढे करतो, हे मान्य करायला काय हरकत आहे? बैठकीत मात्र त्या भिंतीला टेकून मागे. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट आहे की लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. ग्रामसभेला हजर असलेल्यांतही एक तृतीयांश बाया नसतील तर कोरम होत नाही. कागदावर कोरम होतोच हो! सभा झाल्यावर रजिस्टर घरोघर फिरतं, चुलीपुढे बसलेल्या बाईचा अंगठा घेतात. यात सरकारचा दोष किती आणि आपल्याच गावातल्या पोरांचा किती?

नवऱ्याने टाकलेल्या आणि विधवा बायांचं तर विचारूच नका. प्लॉट तिने खणला, गार्डाचा मार तिने खाल्ला, आणि दाव्यावर नाव दिराचं. "ती काय, उद्या माहेरी जाईल," असं म्हणणारे आपल्या संघटनेतलेच आहेत. असल्या घरात फुनमिलायोबाईंचा फोटो लावून काय करायचं?

म्हणून आमचं म्हणणं असं. फोटो लावा, पण ८ मार्चला भाषणं कमी करा. प्रत्येक पाड्याने आपल्या दाव्यांची फाईल घेऊन यावं. शाळेत जाणाऱ्या पोरींनी एकेक नाव मोठ्याने वाचायचं, बायकोचं नाव नसेल तिथे थांबायचं, आणि का नाही ते नवऱ्याने सगळ्यांसमोर सांगायचं. एकट्या बायांची यादी वेगळी करायची आणि ज्यांचा दावा घातलेलाच नाही त्यांचा अर्ज त्याच दिवशी भरायला घ्यायचा. काहींना हे आवडणार नाही, भांडणंही होतील. होऊ देत.

फाईल बसून वाचायला वेळ लागतो. त्यामुळे त्या दिवशीचा भात पुरुषांनी शिजवायचा, असं बैठकीत ठरलं आहे. लाकडं आदल्या दिवशीच आणून ठेवा.